विश्लेषण : जन्म नगरचा, पासपोर्ट आयर्लंडचा! विनोदवीर स्पाइक मिलिगन यांची मुळे स्लायगोच्या एका रस्त्यात कशी सापडतात?

कळवण : जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत फिरणे म्हणजे काय, हे कळवण तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग कुणी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढतो, कुणी तहसील कार्यालयात जुने कोतवाल बुक शोधतो. आपण कुठे जन्मलो, कुठे शिकलो, यापेक्षा आपला आजा कुठल्या गावचा होता, हा प्रश्न मोठा ठरतो.

असाच प्रश्न ब्रिटनच्या एका जगप्रसिद्ध विनोदवीरापुढे १९६२ च्या सुमारास उभा राहिला. त्याचा जन्म आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, बालपण पुण्यातले. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनसाठी लढला, जखमी झाला. तरीही ब्रिटिश पासपोर्टसाठी हे पुरेसे ठरले नाही. शेवटी उपयोगी पडला तो वडिलांचा जन्म, आयर्लंडमधल्या स्लायगो शहरातील होलबॉर्न स्ट्रीट या जुन्या रस्त्यावरचा. त्यांचे नाव स्पाइक मिलिगन. त्यांची गोष्ट आणि एका रस्त्यावरून घराण्याची मुळे शोधण्याची पद्धत, दोन्ही समजून घेऊ.

स्पाइक मिलिगन कोण होते?

मूळ नाव टेरेन्स अॅलन मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. लेखक, कवी, नट, ट्रम्पेटवादक आणि त्याहून अधिक म्हणजे बीबीसी रेडिओवरील ‘द गून शो’ या कार्यक्रमाचे प्रमुख लेखक. १९५० च्या दशकात या कार्यक्रमाने इंग्रजी विनोदाची चालच बदलली. ‘बीटल्स’ची मुले हा कार्यक्रम ऐकत मोठी झाली. पुढे गाजलेल्या ‘माँटी पायथन’ गटावरही मिलिगन यांचा मोठा प्रभाव होता. लहान मुलांसाठी त्यांनी लिहिलेली अर्थहीन, पण नादमय बालगीते आजही ब्रिटनच्या शाळांत म्हटली जातात. त्यातील ‘ऑन द निंग नँग नाँग’ या कवितेला १९९८ मध्ये ब्रिटनमधील वाचकांनी सर्वात आवडती विनोदी कविता म्हणून कौल दिला.

आयरिश कुटुंब नगरमध्ये कसे आले?

उत्तर एका शब्दात द्यायचे तर लष्कर. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग होता. तिथे शेती तोकडी, दुष्काळ आणि बेकारी मोठी. त्यामुळे फौजेत भरती होणे हा गरीब घरातील मुलांसाठी पोटापाण्याचा खात्रीचा मार्ग होता. १८३० च्या सुमारास तर ब्रिटिश लष्करातील चाळीस टक्क्यांहून अधिक सैनिक आयरिश होते. यातील हजारो जण हिंदुस्थानात आले. नगर, पुणे, खडकी, देवळाली अशा छावण्यांच्या जुन्या कबरस्तानांत आयरिश आडनावे दिसतात, ती यामुळेच.

स्पाइक यांचे वडील लिओ मिलिगन यांचा जन्म १८९० चा, स्लायगोचा. स्लायगो हे आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे बंदराचे शहर. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचे आजोळ म्हणूनही ते ओळखले जाते. लिओ तोफखान्यात भरती झाले आणि हिंदुस्थानात आले. स्पाइक यांच्या आई फ्लॉरेन्स इंग्लिश होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव केटलबँड. दोघांनाही गाण्याबजावण्याची आणि रंगमंचाची आवड होती. लष्करी छावण्यांमध्ये सैनिकांच्या करमणुकीसाठी ते कार्यक्रम करत. घरातला हा नाद मुलाकडे आला.

नगर त्या वेळी महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन नागरिकांना स्थानबद्ध ठेवण्याची छावणीही होती. त्या युद्धाच्या अखेरच्या वर्षात, नगरच्या छावणीत स्पाइक जन्मले.

पुणे, रंगून आणि मग लंडन

लहानपणीची बरीच वर्षे पुण्यात गेली. तेथील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत ते शिकले. पुढे वडिलांची बदली ब्रह्मदेशात झाली. तिथे रंगूनच्या सेंट पॉल्स हायस्कूलमध्ये शिक्षण झाले. धाकटा भाऊ डेस्मंड याचा जन्मही रंगूनचाच.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करात कपात झाली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हा शब्द आई-वडिलांसाठी ठीक. स्पाइक यांच्यासाठी तो देश नवाच होता. ऊन, मोकळी मैदाने, घरात नोकरचाकर यांची सवय असलेला मुलगा दक्षिण लंडनच्या ब्रॉकली भागातील धुरकट, थंड गल्लीत येऊन पडला. पैशाची चणचण सुरू झाली. हिंदुस्थानातले दिवस आयुष्यातले सर्वात आनंदाचे होते, असे ते पुढे अनेकदा सांगत.

गंमत अशी की नगर आणि पुण्यात ते साहेबाचे मूल होते, लंडनमध्ये वसाहतीतून आलेले पोर झाले आणि आडनावामुळे आयरिशही राहिले.

युद्धात काय घडले?

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मिलिगन वडिलांप्रमाणेच तोफखान्यात गेले. उत्तर आफ्रिका आणि नंतर इटली या आघाड्यांवर त्यांनी लढाई पाहिली. ट्युनिशियात त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली दुसऱ्या तुकडीच्या तळाजवळ कोसळली. तोफ शोधायला मिलिगन खाली आले आणि तिथे त्यांची गाठ हॅरी सीकम या सैनिकाशी पडली. पुढे हेच सीकम ‘गून शो’मधील त्यांचे साथीदार झाले.

जानेवारी १९४४ मध्ये इटलीत मोंते कॅसिनोच्या लढाईत उखळी तोफेच्या गोळ्याने ते जखमी झाले. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. हात थरथरू लागले, स्फोटाचा आवाज सहन होईना. वरिष्ठ अधिकाऱ्याने मात्र याकडे आजार म्हणून पाहिले नाही आणि त्यांचा हुद्दा काढून घेतला. ही सल त्यांनी आयुष्यभर बाळगली. नंतर त्यांना लढाईपासून दूर ठेवण्यात आले आणि सैनिकांच्या करमणूक पथकात ते वाद्य वाजवू लागले. या काळावर त्यांनी पुढे आठवणींची अनेक पुस्तके लिहिली. त्यातील पहिले १९७१ चे, हिटलरच्या पाडावात आपला वाटा किती होता, याची थट्टा करणारे.

‘द गून शो’ची किंमत काय मोजावी लागली?

२८ मे १९५१ रोजी बीबीसीवर हा कार्यक्रम सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि सुरुवातीच्या काळात मायकल बेंटाइन असा हा चमू. कथेला ना शेंडा ना बुडखा, आवाजांचे विचित्र प्रयोग आणि लष्करी अधिकारी, सरकारी बाबू, साम्राज्याचा बडेजाव यांची टर. यातील बहुतेक भाग मिलिगन यांनी लिहिले.

दर आठवड्याला नवा भाग लिहिण्याच्या ताणाने १९५२ मध्ये ते कोसळले आणि रुग्णालयात दाखल झाले. पुढे आयुष्यभर नैराश्य आणि अतिउत्साहाचे झटके त्यांना येत राहिले. आज या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. त्या काळी नामवंत माणसे असे आजार लपवत. मिलिगन त्याबद्दल उघड बोलत. १९९३ मध्ये आयरिश मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत त्यांनी नैराश्यावर पुस्तकही लिहिले.

पासपोर्टचा पेच नेमका काय होता?

१९१८ मध्ये नगर आणि स्लायगो या दोन्ही ठिकाणी एकाच राजाचे राज्य होते. त्यामुळे बाप स्लायगोचा आणि मुलगा नगरचा, तरी दोघेही ब्रिटिश प्रजाजन. पण नकाशा बदलला.

- १९२२ : आयर्लंडच्या ३२ पैकी २६ काउंट्यांचे स्वतंत्र राज्य झाले. स्लायगो त्यात गेले.
- १९४७ : भारत स्वतंत्र झाला. नगर साम्राज्याबाहेर गेले.
- १९४९ : आयर्लंड प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्रकुलातूनही बाहेर पडले.
- १९६२ : ब्रिटनने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला.

आता स्वतःचे जन्मगाव ब्रिटनबाहेर आणि वडिलांचेही ब्रिटनबाहेर. कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश तोफा ओढल्या होत्या, पण ब्रिटिश पासपोर्ट आपोआप मिळण्याचा हक्क काही उरला नाही. अर्ज करून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. युद्धात रक्त सांडलेल्या माणसाला ही अट अपमानाची वाटली. त्यांनी शपथेस नकार दिला.

दुसरीकडे आयर्लंडचा १९५६ चा नागरिकत्व कायदा उदार होता. आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर अपत्य जगात कुठेही जन्मलेले असो, ते आयरिश नागरिक. आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मले असेल, तर नातवंडालाही नोंदणी करून नागरिकत्व मिळू शकते. ही सोय आजही आहे. लिओ यांचा स्लायगोतील जन्म इथे कामी आला आणि मिलिगन आयरिश नागरिक झाले. आयुष्याची शेवटची ४० वर्षे ते इंग्लंडमध्ये राहिले, ते आयरिश म्हणून.

याच कारणाने १९९२ मध्ये मिळालेला सीबीई आणि २००१ मध्ये मिळालेला केबीई हे दोन्ही ब्रिटिश किताब ‘मानद’ होते. परदेशी नागरिकाला असा किताब मिळाला, तरी नावापुढे ‘सर’ लावता येत नाही. म्हणून सीकम ‘सर हॅरी’ झाले, मिलिगन मात्र ‘सर स्पाइक’ झाले नाहीत.

एका रस्त्यावरून मुळे कशी शोधतात?

होलबॉर्न स्ट्रीटवर आज मिलिगन घराण्याची आठवण सांगणारा फलक आहे. पण ज्यांच्या पूर्वजांच्या घरावर फलक नाही, ते काय करतात? अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथे आयरिश वंशाचे कोट्यवधी लोक आहेत. त्यांच्याकडे अनेकदा आडनाव आणि एखाद्या रस्त्याचे नाव एवढेच असते. शोध पुढील पायऱ्यांनी जातो.

१. जन्मनोंद : आयर्लंडमध्ये १८६४ पासून सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद आहे. जन्माच्या नोंदीत तारीख, ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि आईचे माहेरचे आडनावही असते. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. १८९० च्या जन्मासाठी हीच नोंद सर्वात भरवशाची.

२. जनगणना : १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ अर्ज जपले गेले आहेत. ते गाव, रस्ता, घर या क्रमाने लावलेले आहेत. म्हणजे रस्त्याचे नाव निवडले की घरोघरची माणसे, वय, धर्म, व्यवसाय, लिहिता-वाचता येते का, हे सगळे समोर येते. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हे मोफत खुले केले आहे.

३. हरवलेली पाने : इथे मोठी अडचण आहे. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे अर्ज सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाईच्या काळात लगदा करून संपवले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक अर्ज ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’च्या आगीत जळाले. १८९० मध्ये जन्मलेले बाळ ज्या जनगणनेत पहिल्यांदा दिसले असते, ती १८९१ ची. नेमकी तीच नाही.

४. घरपट्टीसारखी नोंद : जनगणना नसलेल्या काळासाठी ‘ग्रिफिथ व्हॅल्युएशन’ वापरतात. १८४७ ते १८६४ या काळात कर आकारणीसाठी प्रत्येक घर-जमिनीची यादी झाली. रस्त्यानुसार घरात कोण राहते आणि मालक कोण, हे त्यात आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी रजिस्टरसारखेच.

५. चर्चच्या वह्या : १८६४ पूर्वीसाठी बाप्तिस्मा आणि विवाहाच्या चर्च-नोंदी पाहाव्या लागतात. कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये ऑनलाइन आणली.

६. हिंदुस्थानची बाजू : ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नगर किंवा देवळालीत जन्मलेल्या सैनिकाच्या मुलाचा माग तिथे लागतो.

दोन सापळे मात्र सांभाळावे लागतात. जुन्या रस्त्यांवरील घरांचे क्रमांक काळानुसार बदलतात, त्यामुळे आजचे घर तेच असेल असे नाही. दुसरे म्हणजे आडनावाचे स्पेलिंग. मिलिगन आणि मुलिगन अशी जवळपासची रूपे नोंदींत आढळतात. कारकुनाने ऐकले तसे लिहिले. दाखल्यावरच्या एका वेलांटीने आपल्याकडेही फायली अडतात, तसेच हे.

मुळांच्या प्रश्नाकडे मिलिगन यांनी कसे पाहिले?

नागरिकत्वाचा पेच चालू असतानाच १९६३ मध्ये त्यांची ‘पकून’ ही कादंबरी आली. आयर्लंडच्या फाळणीनंतर सरहद्द आखणारे अधिकारी नकाशावर रेघ ओढतात आणि ती पकून नावाच्या खेड्याच्या मधोमध जाते. चर्च एका देशात, कबरस्तानचा भाग दुसऱ्या देशात. मग मयताला पुरायलाही सीमा ओलांडण्याचे कागद लागतात. हसता हसता वाचक गप्प होतो, कारण कागदाने माणसाची जागा ठरवण्याचा हा प्रकार लेखकाने स्वतः भोगलेला होता.

त्यांच्या सगळ्याच विनोदाचे समर्थन करता येत नाही. ‘गून शो’मध्ये भारतीय उच्चारांची नक्कल करणारी पात्रे होती. १९६९ च्या ‘करी अँड चिप्स’ या टीव्ही मालिकेत त्यांनी चेहरा काळवंडून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला. मालिका दुसऱ्या लेखकाची होती. वंशद्वेषाची खिल्ली उडवण्याचा हेतू सांगितला गेला. पण पडद्यावरच्या शिव्या रस्त्यावर खऱ्या स्थलांतरितांना ऐकाव्या लागत. तक्रारी झाल्या आणि सहा भागांनंतर मालिका बंद पडली. जन्माने नगरचा असलेला माणूस दक्षिण आशियाई माणसाची अशी नक्कल करतो, हे आज भारतीय वाचकाला खटकेल, आणि खटकायलाच हवे.

थडग्यावर आयरिश भाषा का?

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, इंग्लंडमधील राय या गावाजवळच्या घरी मिलिगन यांचे निधन झाले. विंचेलसी येथील सेंट थॉमस चर्चमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीवर आयर्लंडचा झेंडा होता.

आपण आजारी असल्याचे तुम्हाला आधीच सांगितले होते, अशा अर्थाची एक ओळ थडग्यावर असावी, अशी त्यांची इच्छा होती. चर्च प्रशासनाला इंग्रजीतला हा चावटपणा मान्य होईना. तडजोड म्हणून तीच ओळ आयरिश भाषेत कोरण्यास परवानगी मिळाली. २००४ मध्ये दगड बसला. इंग्लंडच्या मातीत, इंग्लिश चर्चच्या आवारात, बहुतेकांना न वाचता येणाऱ्या वडिलांच्या देशाच्या भाषेत शेवटचा विनोद पार पडला.

याचा आपल्याशी काय संबंध?

हा प्रवास उलट दिशेनेही होतो. मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर परदेशी गेले आणि त्यांचा डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आले, तेव्हा वडिलांचे घर पाहायला गाव लोटला होता.

मिलिगन यांचे आई-वडील पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. स्लायगो, नगर, पुणे, रंगून, लंडन, ऑस्ट्रेलिया एवढा पसारा झाला, पण कायद्याने विचारले ते एकाच रस्त्याबद्दल. तो रस्ता कुटुंबाच्या लक्षात होता आणि तिथली नोंद शाबूत होती, म्हणून निभावले.

आपल्याकडे अशा नोंदी त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, शाळांच्या रजिस्टरांत, कोतवाल बुकात आणि मोडीतल्या जुन्या कागदांत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली, हे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले. कागद जीर्ण होत आहेत आणि ज्यांना जुनी गावे, वाड्या, गल्ल्यांची नावे तोंडपाठ आहेत ती माणसे थकत चालली आहेत. हातात स्मार्टफोन आहेच. या सुट्टीत आजीला तिच्या सासऱ्याचे मूळ गाव आणि आळी विचारून रेकॉर्ड करून ठेवा. घरातल्या पत्र्याच्या पेटीतील जुन्या कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि फोटोसोबत तो कागद कुणाचा, कुठला, हेही लिहून ठेवा.